ब्रेकवर पाय कुणाचा?

नमस्कार ताई,

तुमचं सदर नियमित वाचते, पण स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. कॉलेजातल्या एका मित्राबरोबर मी तीन वर्षांपूर्वी कंपनी सुरू केली. छोट्या व्यापाऱ्यांचे निरनिराळ्या ॲपवरून येणारे पैसे आणि त्यांच्या बँक खात्यातली जमा यांचा मेळ घालून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गेल्या वर्षापासून एका भागीदार बँकेमार्फत याच व्यापाऱ्यांना सहा महिन्यांची कर्जंही देतो. कर्ज बँकेचं, पण पहिलं पाच टक्के नुकसान आमच्या माथी. तेवढी रक्कम बँकेत अनामत म्हणून अडकवून ठेवावी लागते. सॉफ्टवेअरच्या वर्गणीतून पगार आणि भाडं जेमतेम निघतं.

आता फक्त फिनटेकमध्येच, म्हणजे तंत्रज्ञानावर चालणाऱ्या वित्तसेवांमध्येच, गुंतवणूक करणाऱ्या एका व्हेंचर कॅपिटल फंडाची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा, आली आहे. आकडे प्रमाणात बदलून देते, एकक कुठलंही धरा. ते २० गुंतवून २० टक्के हिस्सा घेणार. त्यातले १२ लगेच, उरलेले ८ आमची येणं असलेली कर्जं ८० वरून ४०० वर गेली की. त्यासाठी मुदत दीड वर्षाची. बोर्डावर पाच जण: आम्ही दोघं, त्यांचे दोघं आणि एक स्वतंत्र. लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली तर आधी कुणी किती घ्यायचं ती अट) 'पार्टिसिपेटिंग' आहे. दुसरीकडे काही वैयक्तिक गुंतवणूकदार मिळून १५ टक्क्यांना १२ द्यायला तयार आहेत, अटी साध्या.

मित्र म्हणतो, मोठं नाव पाठीशी आलं की बाकीचं आपोआप होतं. आपली थकबाकी दोन टक्केच आहे, मग भीती कसली? कर्जांची जोखीम मी बघते. रात्री झोपण्याआधी थकीत हप्त्यांची यादी उघडून बघायची सवय लागली आहे. मी घाबरट आहे का? उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

(नाव छापू नये, ही विनंती.)

---

प्रिय मैत्रिणी,

पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही घाबरट नाही. आणि पत्रातून जेवढा कळतो त्यावरून तुमचा मित्रही हावरट नाही. तो येणाऱ्या पैशाकडे बघतो आहे, तुम्ही बाहेर गेलेल्या पैशाकडे. कर्ज देणाऱ्या कंपनीत ही दोन्ही माणसं लागतात. पण टर्म शीटवर सही होते तेव्हा त्या दोघांपैकी कुणाचा शब्द शेवटचा, हे कागदावर ठरून जातं, आणि तुमच्या कागदावर ते तुमच्या विरोधात ठरलेलं दिसतं.

पेन्सिलने मांडलेलं पहिलं गणित दाखवते, कारण ते टर्म शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. आज तुमची ८० ची कर्जं बाहेर आहेत, म्हणजे ४ बँकेत अडकलेले आहेत. ४०० ची कर्जं झाली की पाच टक्क्यांनी २० अडकवावे लागतील. आणखी १६ हवेत. फंडाकडून हातात पडणार १२. उरलेले ८ मिळणार ते ४०० गाठल्यावर! आलेले १२ च्या १२ तुम्ही बँकेत नेऊन ठेवले, एक नवा माणूस घेतला नाही, एक संगणक घेतला नाही, तरी अनामत होते १६ आणि कर्जं जातात ३२० पर्यंत. तिथे तुमची गाडी थांबते. कर्जांवरच्या कमाईतला तुमचा वाटा मधल्या काळात येईल हे खरं, पण तो हप्ते वसूल होतील तसतसा येणार, आणि अनामत आधी भरायची.

मग ३२० पासून ४०० पर्यंत जायचं कसं? बँकेने पाच टक्क्यांची अट सैल केली तर. पण वर्षभराचाच इतिहास असलेल्या कंपनीची कर्जं पाच पट होत असताना बँक हात आखडता घेण्याचीच शक्यता जास्त. किंवा अनामतीसाठी तुम्ही स्वतः कर्ज काढलंत तर. हे कृपा करून करू नका. दुसऱ्यांच्या कर्जाची हमी तिसऱ्याकडून उसने घेतलेल्या पैशांवर उभी करायची म्हणजे एक वाईट तिमाही आली की दोन्हीकडून तगादा. किंवा मग वर्षभराने पुन्हा याच फंडाच्या दारात जायचं, आणि तेव्हा अटी ते घालतील.

फंडाने हा सापळा मुद्दाम लावला असेल असं मला वाटत नाही. मी नऊ वर्षं अशाच एका फंडात काम केलं. टर्म शीटचा पहिला मसुदा बहुतेक वेळा एखादा तरुण विश्लेषक जुन्या सौद्याच्या मसुद्यावरून तयार करतो. वाढीचा आकडा दुसऱ्या कंपनीवरून येतो. तुमचा बँकेबरोबरचा करार त्याने उघडूनही बघितलेला नसेल. म्हणून पहिलं काम हे: हे गणित एका पानावर मांडा आणि फंडाच्या पार्टनरला पाठवा. आरोपाचा सूर नको. 'हे कसं बसवायचं, आपण मिळून बघू या का' एवढंच. उत्तर कसं येतं ते नीट बघा. 'बरं झालं दाखवलंत, टप्पा बदलू' असं आलं तर माणसं कामाची आहेत. 'बघू पुढे, आधी सही होऊ दे' असं आलं, तर पुढची सात-आठ वर्षं हेच ऐकायची तयारी ठेवावी लागेल.

आता त्यांना पाच पट का हवं आहे, ते त्यांच्या खुर्चीत बसून बघा. व्हेंचर फंडाचा पैसा त्यांचा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत कुटुंबं यांच्याकडून तो साधारण दहा वर्षांसाठी घेतलेला असतो. दरवर्षी दोनेक टक्के व्यवस्थापन शुल्क आणि नफ्यातले वीसेक टक्के हा फंडाचा मोबदला. समजा फंड २०० चा आहे. त्यातल्या पुष्कळ कंपन्या बुडणार, काही मुद्दल परत करणार, आणि एखाद-दुसरी सगळ्या फंडाचे पैसे फेडणार. हे या धंद्यात पहिल्यापासून आहे. जॉर्ज डोरियो यांनी १९४६ मध्ये उभ्या केलेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या संस्थेने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नव्या कंपनीत ७० हजार डॉलर घातले. त्याचे पुढे कितीतरी पट झाले. बाकी गुंतवणुकींचं काहीही झालं असतं, तरी त्या एकीने संस्थेचं नाव राखलं असतं. तेव्हापासून प्रत्येक फंड अशा एकीच्या शोधात असतो.

तुमच्यातला त्यांचा २० टक्के हिस्सा पैसे उभारण्याच्या पुढच्या फेऱ्यांत पातळ होत होत साडेबारावर येईल असं धरा. साडेबारा टक्क्यांतून २०० सुटायचे तर तुमची कंपनी १६०० ची व्हायला हवी. आज ती १०० ची धरली आहे (२० ला २० टक्के, म्हणून). सोळा पट! तुम्ही दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढणारी, नफ्यातली, कुणाचं न बुडवणारी कंपनी चालवलीत तर ती तुमच्यासाठी आयुष्याची कमाई असेल, पण त्यांच्या गणितात ती बसत नाही. यात कुणी दुष्ट नाही. फक्त त्यांचं घड्याळ वेगळं आहे. म्हणून एक साधा प्रश्न विचारा, जो संस्थापक सहसा विचारत नाहीत: आमच्यात पैसे घालताना तुमच्या फंडाचं हे कितवं वर्ष आहे? दुसरं असेल तर तुम्हाला श्वास घ्यायला वेळ आहे. पाचवं असेल तर अजून बस्तान बसतंय तोवर 'विकायचं कधी' हा विषय निघेल. आणि पुढच्या फेरीत आम्हाला देण्यासाठी काही राखून ठेवलं आहे का, हेही विचारा.

माझा अनुभव सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. फंडात असताना कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या बोर्डाच्या बैठकांना मी निरीक्षक म्हणून बसत असे. एका बैठकीत तिथल्या संस्थापकाने एक छापील पान सगळ्यांपुढे ठेवलं. उभ्या रकान्यात कर्ज दिल्याचे महिने, आडव्यात नंतरचे महिने, आणि खालच्या चार ओळींभोवती लाल पेनने गोल. तो म्हणाला, या चार महिन्यांतली कर्जं आधीच्यांपेक्षा लवकर थकायला लागली आहेत, मला सहा आठवडे वाटप थांबवून कारण शोधायचं आहे. पुढच्या फेरीची बोलणी चालू होती. नवा गुंतवणूकदार दर महिन्याचा आलेख मागत होता. मीच संस्थापकाला म्हणाले, आत्ता आलेख सपाट दिसला तर फेरी हातची जाईल. वाटप चालू ठेव, तपास बाजूने कर. तो थोडा वेळ गप्प बसला, मग पान घडी करून खिशात ठेवलं. वाटप चालू राहिलं. वर्षाच्या आत कंपनी बंद पडली, आणि त्या मधल्या महिन्यांत ज्यांना झेपणार नाही अशी कर्जं दिली गेली, त्यांच्या मागे वसुलीवाले लागले. त्या पानात सगळं होतं. ते वाचायला मला येत होतं आणि मी वाचलं नाही. तुम्हाला इतकं लांब उत्तर लिहिते आहे त्याचं कारण हेच आहे.

म्हणून मित्राचं 'थकबाकी दोन टक्केच' हे वाक्य घेऊ. तो खोटं बोलत नाही, पण वाढत्या कर्जवहीत हा आकडा फार फसवा असतो. समजा एका महिन्यात तुम्ही १० ची कर्जं दिलीत. सहा महिन्यांनी त्यातलं ०.६ थकलेलं आहे. म्हणजे त्या महिन्याच्या कर्जांत सहा टक्के गेले. पण दरम्यान तुम्ही दर महिन्याला जास्त जास्त देत गेलात आणि एकूण येणं ३० झालं. या ३० मधली बहुतेक कर्जं महिना-दोन महिन्यांची आहेत. त्यांना थकायलासुद्धा वेळ मिळालेला नाही. आता ०.६ ला ३० ने भागा. दोन टक्के! वाटप वाढवत राहिलं की छेद फुगत राहतो आणि दुखणं झाकलेलं राहतं. ज्या दिवशी वाटप थांबेल त्या दिवसापासून छेद आकसतो, आणि एकही नवी चूक न करता तोच आकडा दोनाचा चार, चाराचा सहा होतो. वाढ थांबवायची भीती का वाटते, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

तेव्हा दिलेल्या महिन्याप्रमाणे कर्जं वेगळी काढा. प्रत्येक महिन्याच्या गटातले किती टक्के एका महिन्याने थकले, दोन महिन्यांनी किती, तीन महिन्यांनी किती, असा जिना तयार करा. आणि वरच्या ओळीशी खालची ओळ ताडून बघा. ताज्या महिन्यांचा जिना जुन्यांपेक्षा चढा असेल तर पाच पट करायचा विचारच आज करू नका, पैसे कुणाचेही असोत. चढा नसेल, तर तुमची रात्रीची यादी बघायची सवय सोडून द्या आणि मित्राचं म्हणणं मोकळ्या मनाने ऐका. तुम्ही मला हा तक्ता पाठवलेला नाही. कदाचित केलेलाच नसेल. थकीत हप्त्यांची यादी काळजी वाढवते, तक्ता निर्णय देतो.

वाढ कुठवर ताणली जाऊ शकते याचं एक उदाहरण सांगते. ब्रिटनमधली वोंगा ही झटपट कर्ज देणारी कंपनी एकेकाळी तंत्रज्ञानाची कौतुकाची गोष्ट होती, नामांकित व्हेंचर फंडांचे पैसे तिच्यात होते. कर्ज झेपेल का हे नीट न तपासता दिल्याबद्दल तिथल्या वित्तीय नियामकाशी झालेल्या समझोत्यात २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला सुमारे ३ लाख ३० हजार ग्राहकांची २२ कोटी पौंडांची कर्जं सोडून द्यावी लागली. पुढे तक्रारी आणि भरपाईचे दावे येतच राहिले, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनी कोसळली. गेम किंवा खरेदीचं ॲप घाईत वाढवलं आणि फसलं तर पैसे घालणारे बुडतात. कर्जाचं ॲप घाईत वाढवलं तर ज्यांनी काहीच गुंतवलं नव्हतं त्यांची घरं हलतात.

एवढं सगळं असूनही फिनटेकच्याच फंडाकडे पाठ फिरवा असं मी म्हणणार नाही. चांगला विशेष फंड सोन्यासारखा असतो. क्यूईडी इन्व्हेस्टर्सचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये तो उभा करणाऱ्यांपैकी नायजेल मॉरिस हे कॅपिटल वन या कार्ड कंपनीचे सहसंस्थापक. ज्याने स्वतः लाखो लोकांना उधार दिलं आहे, वसुली केली आहे, नियामकापुढे बसला आहे, त्याला तुमचा तक्ता समजावून सांगावा लागत नाही. तो तुम्हाला दुसऱ्या बँकेशी जोडून देऊ शकतो, परवान्याच्या अर्जात काय राहिलं ते सांगू शकतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'थांब' म्हणू शकतो. तुमच्या फंडात असा कुणी आहे का? तुमच्या बोर्डावर बसणारे ते दोघं कोण, त्यांनी कधी कर्जवही सांभाळली आहे का? नाव फंडाचं असतं, बैठकीत समोर माणूस बसतो.

चौकशी करताना एक काळजी घ्या. फंड तुम्हाला बोलायला ज्यांचे फोन नंबर देईल ते सगळे यशस्वी संस्थापक असतील. त्यांच्याशी बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. याच फंडाने पैसे घातलेल्या आणि बंद पडलेल्या दोन कंपन्या शोधून काढा, त्यांच्या संस्थापकांना गाठा. एकच विचारा: वाईट बातमी तुम्ही बोर्डाला सांगितलीत त्या दिवशी हे लोक कसे वागले? बहुतेक जण मनापासून सांगतात.

आता प्रेफरन्स. तुमचा मित्र १०० चं व्हॅल्युएशन, म्हणजे सगळ्या कंपनीची धरलेली किंमत, बघून हरखला असेल, आणि तीन वर्षं राबल्यावर तसं होणं साहजिक आहे. पण व्हॅल्युएशन हा त्या दिवसाचा फोटो असतो. 'आत्ता घ्या, पैसे नंतर द्या' अशी सोय देणाऱ्या क्लार्ना या स्वीडिश कंपनीचं २०२१ च्या जूनमध्ये ४५.६ अब्ज डॉलर होतं, पुढच्या वर्षीच्या जुलैत ६.७ अब्ज. अटी मात्र फोटोसारख्या बदलत नाहीत, त्या चिकटून राहतात. समजा काही वर्षांनी कंपनी ६० ला विकावी लागली, आणि फंडाचे सगळे २० आलेले आहेत. 'पार्टिसिपेटिंग' म्हणजे ते आधी आपले २० उचलणार, आणि उरलेल्या ४० मध्येही २० टक्क्यांचे वाटेकरी होणार, म्हणजे आणखी ८. त्यांचे २८, तुमच्या सगळ्यांचे मिळून ३२. हीच अट साधी, पार्टिसिपेशन नसलेली असती तर त्यांना दोनातलं एक निवडावं लागलं असतं: मुद्दल २० किंवा २० टक्के म्हणजे १२. त्यांनी २० घेतले असते, तुम्हाला ४० उरले असते. वैयक्तिक गुंतवणूकदारांच्या प्रस्तावात ते १२ घेतील आणि तुम्हाला ४८ उरतील. व्हॅल्युएशन तिथे ८० आहे, १०० नाही. तरीही पदरात जास्त पडतं. अर्थात त्यांचे पैसेही कमी आहेत, वाढायला पुन्हा फेरी करावी लागेल आणि तेव्हा तुमचा हिस्सा आणखी घटेल, हेही त्या हिशेबात धरा.

मोठमोठ्यांनाही अशा अटी चावल्या आहेत. दुकानदारांना कार्डाने पैसे घेऊ देणाऱ्या स्क्वेअर या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये खासगी फेरीत सुमारे ६ अब्ज डॉलरच्या व्हॅल्युएशनने शेअर विकले, दर १५.४६ डॉलर. त्यात एक अट होती: कंपनी शेअर बाजारात येताना या गुंतवणूकदारांना किमान २० टक्के फायदा झाला नाही, तर फरक जादा शेअर देऊन भरून काढायचा. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारातला भाव ठरला ९ डॉलर. जादा शेअर द्यावे लागले, आणि ते बाकी सगळ्यांच्या हिश्शातून गेले, कामाला असलेल्यांच्यासुद्धा. ६ अब्ज हा आकडा ज्या अटीवर उभा होता, तिची किंमत तेव्हा कळली.

तेव्हा फंडाला सांगा, व्हॅल्युएशन ९० करा, पण प्रेफरन्स साधा एक पट, पार्टिसिपेशनशिवाय. शहाणा फंड मान्य करेल.

पण यातल्या एकाच गोष्टीसाठी भांडायचं असेल तर ती ही नाही. माझं सगळं सांगणं बोर्डापाशी येऊन थांबतं. पाचांत तुम्ही दोन, ते दोन. तो पाचवा 'स्वतंत्र' कोण निवडणार? मसुद्यात बघा. 'गुंतवणूकदाराच्या संमतीने' असं असेल तर गणित दोनास तीन आहे. 'दोन्ही बाजूंच्या संमतीने' हवं. आणि त्याहून महत्त्वाचं, एक कलम लिहून घ्या. कर्ज कुणाला द्यायचं याचे निकष कडक करण्याचा आणि वाटप काही काळ थांबवण्याचा अधिकार जोखीम सांभाळणाऱ्या संस्थापकाचा, म्हणजे तुमचा. त्यासाठी बोर्डाची आगाऊ संमती नको. फक्त सात दिवसांत तक्त्यासह लेखी कारण द्यायचं. निकष सैल करायचे असतील तर मात्र तुमची सही लागेल. आणि वाटप थांबवल्यामुळे ४०० चा टप्पा हुकला, तर तेवढी मुदत पुढे सरकेल. शक्य असेल तर तो टप्पाच बदला: ४०० च्या आकड्याऐवजी 'सलग चार महिन्यांच्या गटांत तीन महिन्यांनंतरची थकबाकी अमुक टक्क्यांच्या आत' असं काही ठेवा. मग त्यांना हवं ते आणि तुम्हाला हवं ते एकाच दिशेला येतं. त्या संस्थापकाच्या खिशात असं कलम असतं, तर मला माझं वाक्य बोलताच आलं नसतं.

वकील घ्या, आणि फिनटेकचे करार केलेला घ्या. यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तुमच्या मूळ कामाबद्दल मात्र सांगायचं आहे, कारण कर्जांच्या गडबडीत तुम्ही दोघंही ते विसरत चाललात असं वाटतं. पत्रात त्याला दोनच वाक्यं आहेत, कर्जांना कितीतरी जास्त. सिनॅप्स नावाची अमेरिकी कंपनी ॲप आणि बँका यांच्या मधे बसून कुणाचे किती पैसे कुठे आहेत याची नोंद ठेवत असे. नावाजलेल्या फंडांचं पाठबळ होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती दिवाळखोरीत गेली, आणि एक लाखाहून जास्त लोकांचे सुमारे २६.५ कोटी डॉलर अडकले. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी बँकांतली शिल्लक आणि ग्राहकांचं देणं ताडून पाहिलं, तर ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तफावत निघाली. बँक बुडाली असती तर ठेव विमा होता. इथे बँका शाबूत होत्या, हिशेब जुळत नव्हता. लोकांच्या आयुष्याची पुंजी एका न जुळणाऱ्या वहीपायी अडकली. हिशेब जुळवणं हेच तर तुमचं काम आहे! ते दिसायला रुक्ष आहे, आलेखावर पाच पट चढत नाही, पण व्यापारी तुम्हाला दर महिन्याला त्याचेच पैसे देतात आणि तुमचे पगार त्यातूनच निघतात. फंडाच्या सादरीकरणात त्याची किती पानं आहेत ते मोजा. एकही नसेल तर ते तुमच्या कंपनीत नाही, तुमच्या कर्जवहीत पैसे घालताहेत.

पैसे कुणाचेही आले तरी एका बँकेत ठेवू नका. ९ मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी ती बंद झाली. शेकडो स्टार्टअपना महिन्याचा पगार कसा करायचा हे दोन दिवस कळत नव्हतं.

आता मित्र. त्याला हे सगळं दाखवताना 'ताईंनी माझी बाजू घेतली' असं सांगू नका, कारण मी तशी ती घेतलेली नाही. दोघं मिळून तो महिनावार तक्ता करा. त्याने वाटपाचे आकडे काढायचे, तुम्ही वसुलीचे, शेजारी बसून. आपल्याच हाताने भरलेला रकाना माणूस लवकर मान्य करतो. मग त्याला विचारा: तीन वर्षांनी मी सांगितलं की थांबू या, आणि बोर्डावरचे दोघं म्हणाले की पळू या, तर तू कुणाकडे बघशील? याचं उत्तर टर्म शीटच्या आधी मिळायला हवं. ते पटलं नाही तर चांगल्यातला चांगला फंड घेऊनही तुमचं जमणार नाही.

दहा दिवसांची मुदत फार मनावर घेऊ नका. सहीनंतर काही आठवडे दुसऱ्यांशी बोलायची बंदी असते, म्हणून सहीच्या आधीचे दिवस मोलाचे. आजच वैयक्तिक गुंतवणूकदारांना कळवा की निर्णयाला आठवडाभर जास्त लागेल. पर्याय जिवंत ठेवल्याशिवाय वाटाघाट होत नाही. फंडाने प्रेफरन्स आणि पाचवी खुर्ची दोन्ही मान्य केली, वाटप थांबवायचं कलम मान्य केलं आणि टप्पा बदलला, तर मी त्यांचे पैसे घेईन. कलम नाकारलं तर बाकी सगळं मान्य असलं तरी नाही. मग १२ घेऊन, कर्जं ८० वरून सावकाश दीडशेपर्यंत नेऊन, वर्ष-दीड वर्षाचे स्वच्छ गट हातात ठेवून पुन्हा बाजारात जाईन. दीडशेला अनामत साडेसात लागते. साडेतीन आणखी ठेवले तरी साडेआठ हातात उरतात, आणि त्यात मूळ सॉफ्टवेअरसाठी दोन चांगली माणसं घेता येतील.

तक्ता झाला की मला पाठवा, मी बघते. आकडे पुन्हा बदलून दिलेत तरी चालतील, महिने मात्र खरे ठेवा.